ताईला विचारा: मोर्चाचं नंतर बघू, आधी ते ता.क. काय म्हणतंय?

"ताई, नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो, बावीस वर्षं झाली. मिस्टर २०१८ मध्ये सिटिझन झाले, माझं २०१३ पासून ग्रीन कार्डच आहे. मुलगा इथेच जन्मलाय, १९ वर्षांचा आहे, कॉलेजात जातो आणि हल्ली दर दोन आठवड्यांनी इमिग्रेशनच्या धाडींविरुद्ध कुठे ना कुठे मोर्चा असतो तिथे जातो. माझ्या बहिणीचा मुलगा पण इथेच मास्टर्स करतोय, एफ-१ वर म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, शनिवार-रविवार आमच्याकडेच असतो, तोही आता याच्याबरोबर जायला लागलाय. परवा दोघं डायनिंग टेबलावर पोस्टर रंगवत बसले होते, लाल मार्कर माझ्या पांढऱ्या टेबलक्लॉथला लागला आणि ह्यांचा पारा चढला. म्हणाले, एकाच्या नादाने सगळ्यांना विमानात बसवतील, माझी सिटिझनशिपसुद्धा काढून घेतील. मुलगा म्हणतो फर्स्ट अमेंडमेंट आहे, बोलायचं स्वातंत्र्य आहे, कोणी काही वाकडं करू शकत नाही. मला दोघांचंही खरं वाटतं आणि रात्री झोप लागत नाही. मोर्चाला गेलं म्हणून खरंच हाकलून देतात का?
- पोस्टरवाल्याची आई

ता.क. भाच्याला मागच्या महिन्यात एका दुकानात सेल्फ चेकआउटला दोन वस्तू स्कॅन न केल्याबद्दल समन्स मिळालंय. चाळीस डॉलरचाही माल नव्हता. मित्र म्हणतात कोर्टात जाऊन गिल्टी म्हण, दंड भर, विषय संपला. ते बरोबर ना?"

पोस्टरवाल्याची आई, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. पोस्टर, टेबलक्लॉथ आणि मिस्टरांचा पारा यावर तुम्ही दीड पान लिहिलंय (वर बरंच कापलंय, राग मानू नका) आणि जिच्यामुळे खरंच झोप उडायला हवी ती गोष्ट ता.क. मध्ये उरकून टाकलीये. म्हणून मी उलटीकडून सुरू करते. भाच्याला आत्ता फोन लावा आणि सांगा की वकिलाशी बोलल्याशिवाय कोर्टात 'गिल्टी' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. मित्रांचं ऐकायचं नाही, रूममेटचं तर अजिबात नाही. फोन झाला की मग पुढचं वाचा.

मी वकील नाहीये, हे आधीच सांगते. गेली काही वर्षं इथल्या कोर्टांमध्ये मराठी-हिंदीची दुभाषी म्हणून जाते, त्यामुळे कायदा मी पुस्तकातून कमी आणि कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून जास्त शिकले, म्हणून नेमक्या सल्ल्याला वकीलच गाठायचा. पण त्या बाकावर काय चालतं ते सांगते. म्युनिसिपल कोर्टात तारखेच्या दिवशी पन्नास-साठ माणसं असतात, कोणाचं स्पीडिंग, कोणाच्या कुत्र्याचं लायसन्स, कोणाचं शॉपलिफ्टिंग, आणि सरकारी वकील एकेकाला बाजूला बोलावून दोन-तीन मिनिटांत ऑफर देतो. तो वाईट माणूस नसतो, त्याला जेवायच्या आत यादी संपवायची असते. समोरचा पोरगा घामाघूम झालेला असतो, त्याला तिथून फक्त बाहेर पडायचं असतं, आणि मग 'आत्ता गिल्टी म्हण, वर्षभर नीट वाग, केस डिसमिस होईल' हे वाक्य त्याला देवासारखं वाटतं. न्यू जर्सीत याला कंडिशनल डिसमिसल म्हणतात. इथल्या नागरिकासाठी झकास योजना आहे. पण त्यात आधी गुन्हा कबूल करावा लागतो (किंवा कोर्टाने दोषी ठरवावं लागतं), आणि इमिग्रेशनच्या कायद्यात दोषसिद्धीची व्याख्याच वेगळी आहे, तुम्ही गुन्हा कबूल केलात आणि कोर्टाने तुमच्यावर काही बंधन घातलं की झालात दोषी, नंतर राज्याच्या कोर्टाने ती केस डिसमिस करो, पुसून टाको नाहीतर फाईल जाळून टाको, इमिग्रेशनच्या लेखी ती बहुतेक वेळा तशीच राहते. ही १९९६ च्या कायद्याची कृपा.

दुभाष्याने कोर्टातलं बाहेर बोलायचं नसतं, म्हणून हे ओळखीतलं सांगते. एका मैत्रिणीच्या दिराचं असंच झालं. अशीच ऑफर घेतली, वर्ष गेलं, केस डिसमिस झाली, पेढे वाटले. पुढे एच-१बीच्या स्टॅम्पिंगला भारतात गेला, मुलाखतीत विचारलं कधी अटक झाली होती का, हा म्हणाला ती केस डिसमिस झालीये. कागद दाखवले, तर त्यांनी नेमकं गिल्टी प्लीचंच पान उचललं. चार महिने तिकडेच अडकला, नोकरी जाता जाता राहिली. शेवटी परत आला, पण त्या चार महिन्यांत त्याची बायको इथे दोन लहान पोरांना घेऊन एकटी होती आणि तिला विचारा तो चाळीस-पन्नास डॉलरचा माल केवढ्याला पडला.

आता भाच्याचं नेमकं. न्यू जर्सीत २०० डॉलरच्या आतलं शॉपलिफ्टिंग म्हणजे डिसऑर्डरली पर्सन्स ऑफेन्स, किरकोळ गुन्हा, जास्तीत जास्त सहा महिने कैद. पण चोरी ही इमिग्रेशनच्या भाषेत सहसा 'नैतिक अधःपतनाचा गुन्हा' धरली जाते. शब्द ऐकून वाटतं की काय घोर पाप केलंय, पण न भरलेल्या टूथपेस्टच्या पैशालाही तोच शब्द लागू शकतो. नियम ढोबळमानाने असा की देशात आल्यापासून पाच वर्षांच्या आत केलेला असा एकच गुन्हा डिपोर्ट करायला पुरतो, पण त्या गुन्ह्याला निदान वर्षभराची शिक्षा होऊ शकत असली पाहिजे. भाच्याच्या कलमात कमाल सहाच महिने, म्हणजे या एका गुन्ह्यावर त्याला डिपोर्टेबल ठरवणं अवघड आहे. हा दिलासा खरा आहे आणि तो तुम्ही घ्या. पण वेगवेगळ्या वेळी केलेले असे दोन गुन्हे झाले की मग शिक्षा किती हे कोणी बघत नाही, डिपोर्टेबल. म्हणजे आज गिल्टी म्हणून त्याने पहिला खड्डा स्वतःच्या हाताने खणायचा आणि पुढची वीस वर्षं दुसऱ्याला जपत चालायचं. शिवाय नुसत्या अटकेवरूनही व्हिसाचा शिक्का रद्द होऊ शकतो, दारू पिऊन गाडी चालवल्याच्या केसमध्ये तर ते सर्रास होतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये काय झालं आठवतं ना, हजारो विद्यार्थ्यांची सेव्हिसमधली (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतली) नोंद रातोरात रद्द झाली, त्यात आपली भारतीय पोरं ढिगाने, आणि कित्येकांचा 'गुन्हा' म्हणजे जुनं ट्रॅफिकचं प्रकरण किंवा कधीच डिसमिस झालेली केस. देशभर कोर्टात दावे पडले तेव्हा महिनाअखेरीस सरकारने नोंदी परत चालू केल्या.

त्यामुळे त्याला क्रिमिनलचा वकील पाहिजे आणि त्या वकिलाला इमिग्रेशन कळणारा दुसरा वकील फोनवर पाहिजे. चोरीचा उल्लेखच नसलेल्या एखाद्या स्थानिक नियमभंगावर प्रकरण आणता येतं का, गुन्हा कबूल न करता सुटता येतं का, हे त्यांनी बघायचं. स्वतःच्या क्रिमिनल वकिलाला 'मी सिटिझन नाहीये' हे पहिल्या वाक्यात सांगायचं. २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने पदीया विरुद्ध केंटकी या केसमध्ये सांगून ठेवलंय की गुन्हा कबूल केल्याने डिपोर्टेशन होऊ शकतं का हे अशिलाला सांगणं वकिलाचं कामच आहे. तो पदीया चाळीस वर्षं ग्रीन कार्डवर होता, अमेरिकेच्या बाजूने व्हिएतनाम युद्धात होता, ट्रकमध्ये गांजा सापडला, आणि त्याचा वकील त्याला म्हणाला, इतकी वर्षं इथे आहेस, काळजी करू नकोस. भाच्याचे मित्र त्याच वकिलाचे भाऊबंद दिसतायत.

हुश्श. आता मोर्चा.

तुमचे मिस्टर आणि मुलगा भांडतायत कारण दोघंही 'आपल्याला' काय होईल असं विचारतायत. पण तुमच्या घरात 'आपण' असं काही नाहीच, चौघांचे चार कागद आहेत. तेच पोस्टर, तोच चौक, तीच घोषणा, आणि प्रत्येकाला धोका निराळा.

मुलाचं पटकन संपवते. तो इथे जन्मला, म्हणजे चौदाव्या घटनादुरुस्तीने, १८६८ पासूनच्या, तो नागरिक आहे. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेला वोंग किम आर्क १८९५ मध्ये चीनहून परत आला तर बंदरातच अडवला होता, तो सुप्रीम कोर्टापर्यंत भांडला आणि १८९८ मध्ये जिंकला, त्याच्या जिवावर आपली सगळ्यांची इथली पोरं नागरिक आहेत. २०२५ च्या जानेवारीत जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वावर जो आदेश निघाला तो त्यानंतर जन्मणाऱ्या बाळांबद्दल आहे, १९ वर्षांच्या घोड्याबद्दल नाही. त्याला मोर्चात अटक होऊ शकते, दंड होऊ शकतो, पोलिसावर हात उगारला तर तुरुंगात जाईल. पण तुरुंग इथलाच. नागरिकाला शिक्षा म्हणून देशाबाहेर काढायचा कायदा या देशात नाही, अगदी खून केला तरी नाही. 'होमग्रोन', म्हणजे इथल्याच, गुन्हेगारांना एल साल्वाडोरच्या तुरुंगात पाठवायचं ट्रम्प २०२५ च्या एप्रिलमध्ये बोलून गेले होते, पण बोलणं आणि कायदा या दोन गोष्टी आहेत.

फक्त एक. आयसवाले (इमिग्रेशनच्या धाडी घालणारे) चुकतात, आणि आपल्या रंगाच्या माणसाच्या बाबतीत जास्त चुकतात. प्रोपब्लिकाच्या पत्रकारांनी २०२५ मध्ये १७० हून जास्त अमेरिकन नागरिकांना इमिग्रेशनवाल्यांनी धरून ठेवल्याचं मोजलं होतं, काही धाडींमधले, काही मोर्चांमधले. तेव्हा त्याला पासपोर्ट कार्ड काढून द्या, पाकिटात मावतं, लायसन्ससारखं. नागरिकाने असं काही जवळ बाळगायची सक्ती नाहीये, आणि तो तुम्हाला हे सुनावणारच, त्याला म्हणावं तुझं बरोबर आहे, तरी ठेव.

मिस्टरांची भीती मात्र मला हसण्यावारी न्यायची नाहीये, कारण ती आपल्याच लोकांच्या इतिहासातून आलीये, त्यांना स्वतःला ठाऊक नसलं तरी. १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद यांच्या केसमध्ये ठरवलं की भारतीय माणूस 'गोरा' नाही म्हणून नागरिक होऊ शकत नाही, आणि त्यानंतर सरकार आधीच नागरिक झालेल्या भारतीयांच्या मागे लागलं, त्यांचे कागद रद्द करत सुटलं. थिंद यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित, नाव वाचून मला तर एकदम घरचंच कोणी वाटलं. ते स्वतः १९१४ मध्ये नागरिक झालेले, कॅलिफोर्नियात वकिली करणारे, आणि सरकारने त्यांच्यावरही केस घातली. इथे लग्न केलंय, व्यवसाय उभा केलाय, सगळं या नागरिकत्वावर विश्वास ठेवून केलंय, आता तुम्ही मागे फिरू शकत नाही, असं ते कोर्टात भांडले. १९२६ मध्ये अपील कोर्टात जिंकले आणि १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारचं अपील ऐकायलाच नकार दिला. हे मिस्टरांना रात्रीच्या जेवणाला सांगा, पारा थोडा उतरेल.

त्यानंतर कायदा बराच पुढे आलाय. १९४३ मध्ये श्नायडरमन नावाच्या चक्क कम्युनिस्ट पक्षाच्या माणसाचं नागरिकत्व काढायला निघाले तेव्हा कोर्ट म्हणालं, पुरावा अगदी स्पष्ट आणि निःसंशय पाहिजे, आणि तो माणूस वाचला. १९६७ च्या अफ्रोयिम केसनंतर तर सरकार कोणाचं नागरिकत्व त्याच्या मर्जीविरुद्ध काढूच शकत नाही. राहिलं एकच दार, नागरिकत्व मिळवतानाच फसवणूक केली असेल तर. कार्यक्षम बाई असल्यासारखी मी आकडे काढून बसलेय, १९९० ते २०१७ मध्ये अशा केसेस ३०५ झाल्या, म्हणजे वर्षाला जेमतेम अकरा. मग २०१८ मध्ये न्यू जर्सीतल्याच एका भारतीयाचं नागरिकत्व गेलं, पण का, तर एका नावाने आल्यावर निघालेला डिपोर्टेशनचा आदेश लपवून दुसऱ्या नावाने कागद केले म्हणून. मोर्चाला गेला म्हणून नाही. आणि २०१७ च्या मास्लेन्याक केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हेही सांगितलंय की नागरिकत्व काढायला फॉर्मवरची कुठलीही थाप पुरत नाही, जिच्यामुळे नागरिकत्व मिळालं अशी थाप पाहिजे.

पण २०२५ च्या जूनमध्ये न्याय खात्याने आपल्या वकिलांना लेखी सांगितलंय की अशा केसेस जोरात काढा. तेव्हा मिस्टरांनी मुलाचं पोस्टर तपासत बसण्यापेक्षा स्वतःच्या एन-४०० ची, म्हणजे सिटिझनशिपच्या अर्जाची, जुनी कॉपी काढून वाचावी. कधी अटक झाली होती का, कुठल्या दुसऱ्या नावाने कागद आहेत का, टॅक्स, परदेशवाऱ्या, तिथे खरं लिहिलं असेल तर शांत झोपावं. काही खटकलं तर वकिलाकडे जावं, व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाही.

आता तुम्ही. आणि इथे मला जरा रागवायचंय तुमच्यावर.

ग्रीन कार्डवाल्याला बोलायचं स्वातंत्र्य आहे का? आहे. १९४५ मध्ये हॅरी ब्रिजेस या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या गोदी कामगारांच्या पुढाऱ्याला हाकलायचा प्रयत्न झाला तेव्हाच सुप्रीम कोर्टाने ते म्हटलंय. मग महमूद खलीलचं काय झालं? कोलंबिया युनिव्हर्सिटीतला पॅलेस्टिनी पोरगा, ग्रीन कार्ड, बायको अमेरिकन, आठ महिन्यांची गरोदर, ८ मार्च २०२५ ला घराच्या दारातून उचलला आणि लुईझियानात नेऊन ठेवला. कुठलाही गुन्हा दाखल नाही. इमिग्रेशनच्या कायद्यात एक कलम आहे, परराष्ट्रमंत्र्याला वाटलं की अमुक माणसाच्या इथे असण्याने देशाच्या परराष्ट्र धोरणाला बाधा येते तर त्याला काढता येतं, ते लावलं. १०४ दिवस आत होता, मुलगा जन्मला तेव्हाही आतच. जामिनावर सुटला, केस पुढे चालूच राहिली. गंमत अशी की हेच कलम १९९६ मध्ये आपल्या न्यू जर्सीतल्याच एका फेडरल न्यायाधीशबाईंनी घटनाबाह्य ठरवलं होतं, आणि त्या बाई कोण, तर मॅरीअॅन ट्रम्प बॅरी, ट्रम्पसाहेबांच्या सख्ख्या थोरल्या बहीण! वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला, पण तांत्रिक कारणावर.

तुम्ही टेबलक्लॉथवाल्या गृहिणी, तुमच्यावर परराष्ट्रमंत्री कलम लावायला येतील असं मला काही वाटत नाही. शांततेत मोर्चाला गेलात, रस्ता अडवला म्हणून तिकीट मिळालं, तर तेवढ्यावर ग्रीन कार्ड सहसा जात नाही. जाळपोळ, मारामारी, पोलिसाला ढकलणं, ती गोष्टच वेगळी. पण ग्रीन कार्डवाल्या आपल्या बायका अडकतात त्या वेगळ्याच ठिकाणी. मोटर व्हेईकलच्या ऑफिसात लायसन्स रिन्यू करताना मतदार नोंदणीच्या चौकटीवर टिचकी मारतात, घरी पत्र येतं, कौतुकाने मत देऊन येतात. नागरिक नसताना मत देणं आणि नागरिक असल्याचं खोटं सांगणं, दोन्हीवर डिपोर्टेशन होऊ शकतं, मोर्चापेक्षा कितीतरी सोप्या रीतीने. किंवा गांजाच्या गमीज. न्यू जर्सीत कायदेशीर आहेत, दुकानात रांगा असतात, पण फेडरल कायद्यात नाहीत आणि इमिग्रेशन फेडरल आहे, विमानतळावर नाहीतर सिटिझनशिपच्या मुलाखतीत 'हो, घेतल्यात दोनदा' असं हसत सांगितलं की बसा मग निस्तरत.

राग याचा की २०१३ पासून ग्रीन कार्ड आहे आणि अजून एन-४०० भरला नाहीये. ऑनलाइन ७१० डॉलर फी आहे, भिशीच्या एका हप्त्याहून फार जास्त नाही. मला माहितीये का भरला नाही. पासपोर्ट सोडवत नाही. मी माझा सरेंडर केला तेव्हा त्याच्यावर 'कॅन्सल्ड'चा शिक्का मारून परत आला आणि मी गाडीत बसून रडले होते, नवरा ड्रायव्हिंग सीटवर गप्प, त्याला काय बोलावं कळेना. ओसीआय कार्ड मिळालं तरी ते पासपोर्टसारखं नाही, कोणी कितीही सांगो. पण ती तुमची आणि तुमच्या पासपोर्टची गोष्ट झाली, तिचा निर्णय तुम्ही भीतीने घेऊ नका आणि आळसाने तर नकोच. तोवर ग्रीन कार्ड कायम जवळ ठेवा, तुमच्या बाबतीत ती कायद्याने सक्ती आहे. आणि भारतातून परत येताना विमानतळावर कोणी आय-४०७ पुढे सरकवला, म्हणजे 'मी माझं ग्रीन कार्ड सोडते' असा फॉर्म, तर सही करायची नाही, मला जजसमोर जायचंय म्हणायचं.

आणि पुन्हा भाचा, कारण खरा नाजूक धागा तोच आहे.

टफ्ट्स युनिव्हर्सिटीतली रुमेसा ओझतुर्क, तुर्की मुलगी, एफ-१ वर पीएचडी करणारी. तिने काय केलं होतं, तर आणखी तिघांबरोबर कॉलेजच्या पेपरात एक लेख लिहिला होता. २०२५ च्या मार्चमध्ये तोंड झाकलेल्या माणसांनी रस्त्यावर घेरली, सहा आठवडे लुईझियानात. आपल्याकडचा बदर खान सुरी, जॉर्जटाउनमध्ये शिकवणारा, त्यालाही त्याच महिन्यात उचलला, मे मध्ये कोर्टाने सोडला. कोलंबियातली एक भारतीय पीएचडीची मुलगी व्हिसा रद्द झाल्याचं कळल्यावर बॅग भरून कॅनडाला निघून गेली. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला बोस्टनच्या न्यायाधीश यंग यांनी निकाल दिला की इथे कायदेशीर राहणाऱ्या परदेशी माणसाला बोलण्याचं तेवढंच स्वातंत्र्य आहे जेवढं नागरिकाला आणि सरकारने केलं ते चूक. म्हणजे तुमचा मुलगा तत्त्वाने शंभर टक्के बरोबर आहे. फक्त यातले जे कोर्टातून सुटले ते आत बसून झाल्यावर, आणि प्रत्येकामागे वकिलांची फौज होती. इमिग्रेशन कोर्टात सरकार फुकट वकील देत नाही, आणि तिथला जज न्याय खात्याचाच नोकर असतो.

त्यात अजून एक मेख. १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की तुमच्या कागदात डिपोर्टेशनचं दुसरं कारण खरोखर असेल, तर 'माझ्या विचारांमुळे माझ्या मागे लागलात' हा बचाव सहसा चालत नाही. म्हणून मोर्चा आणि ते समन्स या दोन वेगळ्या गोष्टी नाहीयेत. नुसत्या मोर्चाने त्याच्याकडे कोणाची नजर गेलीच, तर हातात धरायला काही नाही. चोरीची कबुली फाईलला लागली, की धरायला दांडा मिळाला.

तर माझं मत, मत म्हणून घ्या. केस मिटेपर्यंत भाच्याने मोर्चाला जाऊ नये, आणि भारतातही जाऊ नये, दिवाळी असो की बहिणीचं लग्न, व्हिसाचा शिक्का रद्द झाला असेल तर परत येताना कळतं. हे लिहिताना मला लाज वाटतेय, बावीस-तेवीस वर्षांच्या पोराला गप्प बस सांगणारी बाई मला व्हायचं नव्हतं. पण तुमचा मुलगा जे धाडस करतो ते त्याच्या खिशातल्या निळ्या पासपोर्टवर करतो, आणि भाच्याला बरोबर गाडीत बसवताना त्याला ते आठवायला पाहिजे. हे त्याला तुम्ही एकट्यात सांगा, बापासमोर नको, नाहीतर परत फर्स्ट अमेंडमेंट सुरू होईल. सोशल मीडियाचंही बघा, २०२५ च्या जूनपासून विद्यार्थी व्हिसासाठी अकाउंट पब्लिक करायला सांगतात, तेव्हा मुलाने भावाला टॅग करून फोटो टाकणं थांबवावं. समजा कधी धरलंच, तर नाव सांगायचं, खोटं काही बोलायचं नाही, कशावर सही करायची नाही, आणि 'मला वकिलाशी बोलायचंय' एवढं एकच वाक्य घोकायचं. दारावर आले तर दार न उघडता वॉरंट दाराखालून सरकवायला सांगायचं आणि त्यावर कोर्टाच्या जजची सही आहे का बघायचं, इमिग्रेशन ऑफिसने स्वतःच सही केलेल्या कागदावर त्यांना घरात घुसता येत नाही.

घरी बसून पोस्टर रंगवायला त्याला माझी काही हरकत नाही. अक्षर चांगलं असेल तर त्यालाच रंगवू द्या.

समन्सवर कोर्टाची तारीख आणि म्युनिसिपल कोर्टाचं नाव छापलेलं असेल, ते आधी बघा. वकील मिळायला वेळ लागला तर तारीख पुढे मागता येते, पण गैरहजर राहायचं नाही, गैरहजर राहिलं की अटकेचं वॉरंट निघू शकतं आणि मग वरचं सगळं व्यर्थ. वकील ठरला की मला दोन ओळी कळवा. आणि टेबलक्लॉथ अजून धुतला नसेल तर गरम पाण्यात टाकू नका, मार्कर परमनंट असेल तर कापसावर रबिंग अल्कोहोल घेऊन टिपा, खाली जुना टॉवेल ठेवून. घासायचं नाही.

- ताई